खिशांतील ग्रंथालय आणि संशोधकाचा विवेक

(१) ऐतिहासिक साधनांच्या शोधार्थ पूर्वीं गांवोगांव हिंडावें लागे, दप्तरें धुंडाळावीं लागत, आणि एखाद्या पोथीचा पत्ता लागेपर्यंत पत्रव्यवहारांत वर्षें निघून जात. आतां तेंच काम तळहाताएवढ्या मोबाइलवर बसल्या जागीं होतें, असें अनेक तरुण संशोधक व कांहीं ग्रंथपालही मोठ्या उत्साहानें सांगत असतात. 'ग्रंथालय खिशांत आलें' हें त्यांचें जणूं ब्रीदवाक्यच झालें आहे. या विधानांत सत्य किती व अतिशयोक्ति किती, हें तपासून पाहणें आमच्या मतें अगत्याचें झालें आहे. साधनाची परीक्षा केल्यावांचून साध्याचा भरंवसा धरणें ही गोष्ट इतिहाससंशोधनाच्या मूळ शिस्तीस सोडून आहे. ज्या चिकित्सेनें आपण बखरीस व करीन्यास तोलतों, तीच चिकित्सा या नव्या यंत्रास लाविल्यास कोणाची हरकत नसावी.

(२) या साधनाचें जमेचें खातें आधीं मांडूं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला व पुढें ती माला २२ खंडांपर्यंत गेली. सरदेसायांनीं संपादिलेलीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचीं ४५ पुस्तकें १९३० ते १९३४ या अवधींत छापलीं गेलीं. हे दोन्ही संच पुरे असलेलें ग्रंथालय तालुक्याच्या गांवीं सहसा नसे. आज त्यांतील पुष्कळ खंडांच्या प्रतिमा इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांतून कोणासही उघडून पाहतां येतात. मोल्सवर्थचा कोश व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहांत शब्द शोधण्याच्या सोयीसह ठेविलेले आहेत. मोडी पत्र वाचतां वाचतां एखादा फारशी शब्द अडला, तर तो जागच्या जागीं पाहतां येतो. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१५ पासून 'अभिलेख पटल' या नांवानें आपली सूचि खुली केल्यामुळें दिल्लीची एखादी फेरी वांचते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनें २०१५ पासूनच वाचनदालनांत स्वतःच्या यंत्रानें छायाचित्रें घेण्याची मुभा दिली; क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारांतही ती विनामूल्य आहे. परदेशीं आठच दिवस राहण्यापुरता पैसा ज्याच्याजवळ आहे, अशा महाराष्ट्रीय अभ्यासकास ही मुभा म्हणजे पर्वणीच होय. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

आमचा आक्षेप आहे तो या यंत्राकडून साक्षीदाराचें काम करून घेण्यावर. जासूद म्हणून तें उत्तम आहे. कागद कोठें आहे याची बातमी तें वेगानें आणतें. परंतु जासुदाच्या तोंडच्या बातमीवर कोणी निवाडपत्र लिहीत नसतें.

(३) प्रथम शोधाचाच प्रकार घ्या. बहुतेक ग्रंथसूच्यांतील शोधाची चौकट अक्षरास अक्षर जुळवून पाहते. मराठीच्या बाबतींत ही जुळवाजुळव किती ठिसूळ पायावर उभी आहे, याची कल्पना पुष्कळांस नसते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालीं मान्य झाले व अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीं छापलेल्या ग्रंथाच्या नांवांत 'साधनें' असें आहे. आजचा अभ्यासक 'साधने' असें टंकितो. कांहीं शोधयंत्रें हा भेद पोटांत घालतात, कांहीं घालीत नाहींत. आणि आपण वापरतों तें यंत्र कोणत्या जातीचें, हें वाचकास वरून दिसत नाहीं. याहून सूक्ष्म उदाहरण 'कऱ्हाड' या ग्रामनामाचें आहे. यांतील रकार संगणकांत दोन रीतींनीं सांठवितां येतो: एक, 'ऱ' हें स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडून, दुसरी, साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही रूपें एकच. यंत्रास तीं दोन निराळे शब्द वाटूं शकतात. एका रूपानें शोध करून कऱ्हाडविषयक कागद नाहींत असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक निष्काळजी असतो असें नाहीं. तो फसविला गेलेला असतो, व आपण फसलों हें त्यास कळतही नाहीं.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या योजनेंत जे मराठी ग्रंथ उतरविले गेले, त्यांपैकीं पुष्कळांचीं नांवें रोमन लिपींत, स्वरांचीं अक्षरें दुप्पट करून व मध्यें मध्यें अपॉस्ट्रॉफीचीं चिन्हें पेरून नोंदिलेलीं आहेत. पुढें तेच ग्रंथ त्याच नांवांसह इंटरनेट आर्काइव्हवर चढविले गेले. कर्त्याच्या जागीं संपादक, प्रकाशनवर्षाच्या जागीं भलतेंच वर्ष, असे घोटाळेही त्या नोंदींत आढळतात. म्हणजे ग्रंथ आहे, परंतु त्याच्या स्वतःच्या नांवानें हांक मारली असतां तो ओ देत नाहीं. छापील देवनागरी पानांतून मजकूर उतरविण्याची सोयही अशा संग्रहांत कित्येक वर्षें नव्हती. आतां ती झाली आहे, तरी जुन्या शिळाछापाच्या अथवा झिजलेल्या खिळ्यांच्या पानांवर तिचें वाचन भरंवशाचें नसतें.

मोडीची गोष्ट तर याहून निराळी. मोडी लिपीस युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत, २०१४ सालीं, स्थान मिळालें; ही आनंदाची गोष्ट आहे. पण लिपि टंकितां येऊं लागली म्हणजे हस्तलिखित शोधतां येऊं लागलें असें नव्हे. मोडींत आधीं शिरोरेषा ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जातात. शब्द कोठें तुटतो हें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें असतें, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद लेखक पाळीतच नाहीं. जेथें शब्दाची सीमाच वाचकाच्या विद्वत्तेवर अवलंबून, तेथें शब्द शोधणाऱ्या यंत्रानें काय शोधावें? जोंपर्यंत तो कागद कोणी जाणत्यानें वाचून बालबोध केलेला नाहीं, तोंपर्यंत मोबाइलच्या दृष्टीनें तो कागद जगांतच नाहीं.

म्हणून 'सांपडलें नाहीं' आणि 'नाहीं' या दोन वाक्यांतील अंतर आतां पूर्वींपेक्षां अधिक काटेकोरपणें राखलें पाहिजे. राष्ट्रीय हस्तलिखित मिशन २००३ सालीं स्थापन झालें व पन्नास लक्षांहून अधिक हस्तलिखितांची नोंद त्यानें केल्याचें जाहीर झालें. परंतु त्यांतून प्रतिमारूपानें उतरलेलीं हस्तलिखितें त्या मानानें थोडीं, आणि घरबसल्या पाहतां येणारीं त्याहूनही थोडीं. २०२५ च्या अंदाजपत्रकांत 'ज्ञान भारतम्' या नांवानें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचें काम योजिलें गेलें, त्याचें आम्ही स्वागतच करितों. पण जें खासगी वाड्यांच्या माळ्यावर आहे तें कोणत्याच नोंदींत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच.

(४) दुसरा मुद्दा वाचनाच्या प्रकृतीचा. यूरोपियाना हें यूरोपांतील ग्रंथालयें, संग्रहालयें व अभिलेखागारें यांचें सामायिक दालन २००८ सालीं उघडलें. त्याचा उपयोग मोबाइलवरून लोक कसा करितात, याचा अभ्यास डेव्हिड निकोलस व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांस आढळलें तें असें: मोबाइलवरील भेटी आंखूड असतात, एका भेटींत पाहिला जाणारा मजकूर थोडा असतो, आणि त्या रात्रीं व सुटीच्या दिवशीं वाढतात, आयपॅडसारख्या मोठ्या पाटीवरील वर्तन मात्र मेजावरील संगणकाच्या वर्तनासारखेंच असतें. हा शेवटचा निष्कर्ष आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. दोष सर्वस्वीं माणसाच्या चंचलपणाचा असता तर पाटी मोठी केल्यानें तो गेला नसता. चौकट लहान झाली कीं दृष्टि आंखूड होते, असाच याचा अर्थ आम्ही करितों.

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूचि' ज्यांनीं हाताळली आहे त्यांस हें लगेच पटेल. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांची सूचि त्यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केली व १९५० पर्यंतचा पुढील भाग १९६१ सालीं निघाला. त्या सूचींत एक ग्रंथ पाहावयास जावें तों त्याच विषयावरील शेजारचे दहा ग्रंथ दृष्टीस पडतात. त्यांतले दोन आपणांस ठाऊकही नसतात. नवें संशोधन पुष्कळदां या शेजाऱ्यांतून निघतें. मोबाइल मागितलेली वस्तु आणून देतो व शेजार झांकून ठेवितो. अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यूंत २०१६ सालीं लारा पुटनम यांनीं याची दुसरी बाजू दाखविली होती: शब्दशोधामुळें संशोधक परक्या प्रदेशाच्या साधनांत सहज डोकावतो, परंतु त्या प्रदेशाचा जो परिसर-परिचय प्रत्यक्ष राहिल्यानें होई, तो होत नाहीं. सातारच्या कागदास पुण्यांत बसून हात घालणाऱ्या आमच्या मंडळींनाही हा इशारा लागू आहे.

(५) तिसरा मुद्दा छायाचित्रांचा. आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांच्या दृष्टीनें हाच सर्वांत निकडीचा आहे. अमेरिकेंतील इथाका संस्थेनें २०१२ सालीं इतिहासकारांच्या कार्यपद्धतीवर एक अहवाल काढला. अभिलेखागारांत बसून वाचण्याऐवजीं तेथें भराभर छायाचित्रें घ्यावयाचीं व वाचन घरीं गेल्यावर करावयाचें, हा पालट त्यांत नमूद आहे. या पालटाची किंमत काय? हातानें नक्कल करणारा मनुष्य वाचल्यावांचून नक्कल करूं शकत नसे. शंका आली तर ती तेथेंच, रुमाल उघडा असतांनाच, शेजारचा कागद पाहून फिटे. आतां शंका सहा महिन्यांनीं येते व रुमाल शंभर कोसांवर असतो.

मोडी पत्राच्या अखेरीस पुष्कळदां 'छ' घालून चंद्राची तारीख व महिना येवढेंच असतें, साल नसतेंच. तें साल पाठीवरील पैवस्तीच्या शेऱ्यावरून अथवा त्याच रुमालांतील मागच्यापुढच्या पत्रांवरून बसवावें लागतें. ज्यानें पुढच्याच बाजूचें छायाचित्र घेतलें त्यानें पत्राचें साल तेथेंच सोडलें असें समजावें. साल दिलेलें असलें तरी तें शुहूर सनाचें, अरबी संख्यावाचकांत असतें. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१, इसवी १७७०-७१. त्यांतील 'सबैन'च्या जागीं 'तिसैन' वाचलें गेलें तर ११९१, इसवी १७९०-९१. एका शब्दावर वीस वर्षें झोंके घेतात, आणि माधवराव पेशव्यांच्या हयातींतला कागद सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत जाऊन पडतो. तो शब्द कागदाच्या घडीवर आला असेल व छायाचित्र घाईनें घेतलें असेल, तर ती चूक ओळखण्यास कोणता आधार उरतो?

यावर कोणी म्हणेल कीं, छायाचित्र स्वच्छ घेतलें म्हणजे झालें. पण स्वच्छ दिसणें आणि खरें असणें या दोन गोष्टी आहेत. आजचा मोबाइल दृश्य जसेंच्या तसें टिपीत नाहीं. अनेक क्षणचित्रें जुळवून, कडा तीक्ष्ण करून, डाग मंद करून तो एक चित्र तयार करितो. २०२३ सालीं सॅमसंगच्या मोबाइलनें मुद्दाम अंधुक केलेल्या चंद्राच्या चित्रावरही डोंगरखळग्यांचा तपशील भरून दाखविला, हें उघडकीस आलें व त्यावर बराच वाद झाला. चंद्राच्या बाबतींत ती करमणूक. कागदाच्या बाबतींत तो प्रक्षेप होय. २०१३ सालीं डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञानें दाखवून दिलें कीं, झेरॉक्स कंपनीचीं कांहीं स्कॅनयंत्रें प्रतिमा दाबून लहान करितांना ६ च्या जागीं ८ असा आंकडा घालीत होतीं. अक्षर पुसट झालें असतें तर वाचणारा सावध झाला असता. येथें चुकीचा आंकडा ठळक व सुबक उमटत होता. लेखकाच्या हस्तदोषाची चिकित्सा आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों. यंत्राच्या हस्तदोषाची चिकित्सा आपणांस शिकावयाची आहे.

पोथ्यांच्या संबंधानें आणखी एक गोष्ट. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फांसण्याची व दंड, पुष्पिका इत्यादि हिंगुळानें रंगविण्याची रीत वाचकांस ठाऊक आहे. स्कॅन करणारीं ॲपें 'स्वच्छ' प्रत काढण्यासाठीं पान काळें-पांढरें करून टाकितात. त्यांत हरताळाचा पिवळेपणा कागदाच्या पांढरेपणांत मिळून जातो. खालचें चुकलेलें अक्षर कधीं वर येतें, कधीं सर्वस्वीं नाहींसें होतें. आणि येथें शोधन झालें होतें, ही पाठचिकित्सेस अत्यंत आवश्यक अशी खूण दोन्ही प्रकारीं जाते. तांबडी शाई काळी होते, म्हणजे मूळ कोणतें व मागाहूनचें कोणतें हा भेदही मावळतो.

छायाचित्र घेतल्यावर तें ठेवण्याचा प्रकारही तितकाच शोचनीय आहे. कॅमस्कॅनर हें ॲप पुष्कळ अभ्यासक वापरीत. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ज्या ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली त्यांत तें होतें. ज्यांनीं आपल्या प्रती त्याच्याच खात्यांत ठेविल्या होत्या, त्यांचे कागद एका रात्रींत परक्याच्या कुलपांत गेले. गूगल फोटोज्‌ची अमर्याद फुकट सांठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पाठविलेली प्रतिमा दाबून लहान केली जाते व तिच्या पोटांतील दिनांक, वेळ, यंत्र इत्यादि नोंदी गळून पडतात. तीच प्रतिमा 'दस्तऐवज' म्हणून पाठविली तर मूळ रूपांत जाते. पण हें करणारे थोडे. परिणामीं अभ्यासकांच्या गटांतून कागद या हातून त्या हातीं फिरत राहतो, दर खेपेस थोडा अधिक अंधुक व थोडा अधिक पोरका होऊन. राजवाड्यांच्या खंडांतील पत्रांवर त्या काळीं कितीही वाद झाले असोत, कोणाच्या दप्तरांतून तीं मिळालीं हें ते सांगत. आजच्या फिरत्या प्रतिमेस वडिलांचें नांव विचारलें तर ती निरुत्तर होते.

(६) चौथा मुद्दा आयत्या उत्तरांचा. अलीकडे मोबाइलवर प्रश्न विचारला कीं ग्रंथांची यादी देण्याऐवजीं यंत्र सरळ उत्तरच लिहून देतें, व आधार म्हणून ग्रंथांचीं नांवें व पृष्ठांकही देतें. त्यांतील कांहीं ग्रंथ कधीं लिहिलेच गेलेले नसतात. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयानें अशा यंत्रानें रचलेले, अस्तित्वांत नसलेले निवाडे आधार म्हणून सादर केल्याबद्दल वकिलांस ५,००० डॉलर दंड केला. तेथें प्रतिपक्षाचे वकील व न्यायाधीश ते निवाडे शोधूं गेले, म्हणून प्रकार उघडकीस आला. आमच्या क्षेत्रांत 'अमुक दप्तर, अमुक रुमाल' असें लिहिलें कीं तो रुमाल सोडून पाहणारे किती निघतील? बनावट सनदा व बनावट वंशावळी यांशीं झगडण्यांत मागच्या पिढ्यांची शक्ति खर्ची पडली. बनावट संदर्भांचें नवें पीक येऊं द्यावयाचें नसेल, तर यंत्रानें सुचविलेला कोणताही आधार स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून छापूं नये, असा दंडक संपादकांनींच घातला पाहिजे.

(७) पांचवा मुद्दा असा कीं, हें 'खिशांतील' ग्रंथालय मुळीं खिशांत नसतेंच. खिशांत असते ती खिडकी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला व तिची मुख्य सूचि जानेवारी २०२४ च्या मध्यापर्यंत वाचकांस शोधतां येईना. हस्तलिखितांच्या प्रतिमा तर त्यानंतरही पुष्कळ काळ दिसल्या नाहींत. ऑक्टोबर २०२४ मध्यें इंटरनेट आर्काइव्हवर असाच घाला पडून तें कित्येक दिवस बंद राहिलें. त्या काळांत ज्याच्या फळीवर ब्लूमहार्टची ब्रिटिश म्यूझियममधील मराठी हस्तलिखितांची १९०५ ची सूचि, अथवा ब्लूमहार्ट व कान्हेरे यांची इंडिया ऑफिसमधील मराठी हस्तलिखितांची १९५० ची सूचि होती, त्याचें काम अडलें नाहीं. निदान कोणतें हस्तलिखित कोणत्या क्रमांकाचें हें तरी त्यास सांगतां येत होतें. छापील सूच्या रद्दींत काढणाऱ्या ग्रंथालयांनीं या दोन प्रसंगांचा विचार करावा.

(८) येथवर संशोधकांविषयीं लिहिलें, आतां ग्रंथपालांविषयीं. एका बाजूस 'आमची सूचि मोबाइलवर आहे' अशी जाहिरात असते, व दुसऱ्या बाजूस त्या सूचींत हस्तलिखिताचें केवळ नांव व क्रमांक असतो. आदि, अंत, पुष्पिका, लेखनशक, लेखकाचें नांव, पानें, खंडित कीं पूर्ण, हें जें वर्णनात्मक सूचींत जुन्या सूचिकारांनीं घाम गाळून लिहून ठेविलें, तें नव्या नोंदींत उतरलेलेंच नसतें. सूचि पडद्यावर आली, पण दुबळी होऊन आली. कांहीं ठिकाणीं मोबाइलनें छायाचित्र घेण्यास बंदी, पण झेरॉक्स काढून देण्यास संमति, असा उलटा न्याय दिसतो. झेरॉक्सच्या कांचेवर उताणें दाबलेल्या बाडाची शिवण किती टिकते, हें त्या नियमकर्त्यांनीं एकदां पाहावें. वरून, झगझगाट न करितां, नैसर्गिक उजेडांत घेतलेलें छायाचित्र कागदास त्यापेक्षां खात्रीनें कमी पीडा देतें.

आणखी एक अन्याय बोलून दाखविणें प्राप्त आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळानें नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर केली. ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें तीन वर्षांकरितां ६,००० कोटि रुपये खर्चून घेण्याचें तींत ठरलें. लाभ मात्र शासकीय उच्चशिक्षणसंस्था व केंद्र सरकारच्या संशोधनसंस्था यांतील मंडळींचा. महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधनाचा मोठा वांटा वकील, शिक्षक, कारकून, इनामदार अशा संस्थेबाहेरील माणसांनीं उचललेला आहे, व आजही उचलीत आहेत. त्यांच्या हातीं मोबाइल आहे, पण शंभर लेखांपैकीं पुष्कळ लेखांच्या दारावर त्यांस कुलूप दिसतें. सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाचकांसही या योजनेचें दार उघडावें, ही मागणी ग्रंथपालांनींच पुढें होऊन केली पाहिजे.

(९) शेवटचा मुद्दा संग्राहकांचा व ज्यांच्या घरीं कागद आहेत त्या घराण्यांचा. पूर्वीं नक्कल करण्यास आठ दिवस लागत. त्या आठ दिवसांत घरधनी व संशोधक यांचा परिचय होई, विश्वास वाढे, व पुष्कळदां माळ्यावरचा दुसरा पेटारा खालीं येई. आतां तासाभरांत अख्खा रुमाल यंत्रांत उतरवून संशोधक निघून जातो, व महिन्याभरांत घरच्यांस आपले कागद भलत्याच्या नांवानें सर्वत्र फिरतांना दिसतात. मग ते पुढच्या संशोधकास दार उघडीत नाहींत. एकाच्या घाईनें दहा जणांची वाट बंद होते. शिवाय मोबाइलमध्यें स्थानाची नोंद चालू असली तर प्रत्येक छायाचित्राच्या पोटांत त्या घराचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. मौल्यवान पोथी अथवा ताम्रपट कोणत्या घरांत आहे याचा तो आयता पत्ता होय. चोरांस वाट दाखविण्याचें काम संशोधकानें अजाणतांही करूं नये.

(१०) टीका करून थांबणें उचित नव्हे; म्हणून कांहीं नियम सुचवितों. कोणत्याही रुमालाचें पहिलें छायाचित्र त्याच्या चिठ्ठीचें असावें. तींत संग्रहाचें नांव, रुमाल व पुडक्याचा क्रमांक आणि दिनांक स्वच्छ लिहिलेला असावा. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू, कोऱ्या असल्या तरी, घ्याव्या. चारी कडा चौकटींत याव्या व शेजारीं मापपट्टी ठेवावी. शिक्के व मोर्तब यांचें जवळून वेगळें चित्र घ्यावें. खाडाखोडीचा संशय असेल तेथें दिवा तिरपा धरून, व विलायती कागदाची जलमुद्रा पाहावयाची असेल तेथें मागून मंद उजेड पाडून आणखी एक चित्र घ्यावें. या कामीं मोबाइल खरोखर उपयोगी आहे. मूळ रंगीत प्रतिमा कधींही न बदलतां दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी, व दुसऱ्यास पाठवावयाची प्रत स्थानाची नोंद काढून वेगळी करावी. एक संच कागदांच्या मालकास, मागितला नसतांही, द्यावा. छापतांना 'मूळ पाहिलें', 'छायाचित्र पाहिलें' आणि 'दुसऱ्यानें दिलेली नक्कल पाहिली' हे तीन प्रकार स्पष्ट वेगळे सांगावे. शोधाच्या बाबतींत एकाच नांवाचीं जुनीं-नवीं व रोमन रूपें घालून पाहावीं, आणि एवढें करूनही न सांपडल्यास छापील सूचि व जाणता ग्रंथपाल या दोघांस विचारल्यावांचून 'नाहीं' हा शब्द लेखणींतून उतरवूं नये.

हे नियम जाचक वाटतील. परंतु नकलेचें सारें मोल तिच्यावरून अस्सलापर्यंत परत जातां येतें यांतच आहे. ती वाट मोडली कीं लाखों प्रतिमा जमवूनही हातीं उरतो तो चित्रांचा ढीग. त्यास साधन म्हणतां येणार नाहीं. आजच्या संशोधकानें घेतलेलें छायाचित्र पन्नास वर्षांनीं दुसऱ्या कोणाच्या हातीं पडेल, त्या वेळीं कदाचित् मूळ कागद कसरीनें अथवा पुरानें गेलेला असेल. तेव्हां त्या चित्राची साक्ष ग्राह्य कीं अग्राह्य, हें आजच्या या चार-दोन खबरदाऱ्यांवरच ठरणार आहे. ज्यांच्या हातीं हें वेगवान् साधन आलें आहे त्यांनीं तें जपून वापरावें, व ज्यांच्या हातीं अस्सल कागद आहेत त्यांनीं छायाचित्र झालें म्हणून कागदाची आबाळ करूं नये, एवढेंच उभयतांस विनवून हा लेख येथें पुरा करितों.